पक्षाघातानंतरचा फुप्फुससंसर्ग : पेनिसिलिनपासून घोटभर पाण्यापर्यंत

सारांश

पक्षाघाताच्या पहिल्या तडाख्यातून वाचलेला रुग्ण पुढील काही दिवसांत फुप्फुसाच्या जंतुसंसर्गाने दगावतो, हा अनुभव वैद्यकशास्त्राला जुना आहे. त्याचे कारण मात्र दीर्घकाळ केवळ अंथरुणाला खिळणे आणि अन्नपाणी श्वासनलिकेत जाणे एवढ्यापुरतेच मर्यादित मानले गेले. मेंदूची इजा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच खालावते, हे २००३ नंतर प्रयोगाने स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखात या कल्पनेच्या वाटचालीचा मागोवा महाराष्ट्राच्या, विशेषतः पिंपरी परिसराच्या संदर्भात घेतला आहे. प्रतिजैविके हा या आजारावरील उपचार ठरला; प्रतिबंध मात्र शुश्रूषेच्या साध्या कृतींतून साधतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पक्षाघात, न्यूमोनिया, रोगप्रतिकारशक्ती, प्रतिजैविके, शुश्रूषा, पिंपरी

प्रस्तावना

पवना नदीच्या काठचे रहाटणी हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी व्यापला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातून कामासाठी आलेल्या कामगारांची पहिली पिढी आता वार्धक्यात पोहोचली आहे. रक्तदाब, मधुमेह आणि त्यांच्यामागून येणारा पक्षाघात हे या पिढीच्या घराघरांतले प्रश्न आहेत.

याच रहाटणीतून पवना ओलांडली की काही किलोमीटरच्या आत पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना लागतो. फुप्फुसाच्या जंतुसंसर्गावर हुकमी ठरलेले पेनिसिलिन भारतात सरकारी क्षेत्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर येथेच तयार झाले. ज्या परिसरात हे औषध बनले, त्याच परिसरात आणि एकूण जगातही पक्षाघातानंतरचा न्यूमोनिया नाहीसा का झाला नाही, हा या लेखापुढील मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर औषधाच्या इतिहासात जेवढे आहे, तेवढेच शरीराविषयीच्या आकलनाच्या इतिहासातही आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पक्षाघात आणि फुप्फुससंसर्ग यांच्या संबंधाविषयीच्या वैद्यकीय आकलनाचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) प्रतिजैविकांच्या युगाने या प्रश्नाला दिलेले उत्तर आणि त्या उत्तराची मर्यादा तपासणे.
३) महाराष्ट्रातील उपलब्ध लोकसंख्याधारित अभ्यासांच्या आधारे या इतिहासाचा आजचा अर्थ स्पष्ट करणे.

प्रतिजैविकपूर्व काळ

पक्षाघाताचे वर्णन भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात शरीराचा एक भाग लुळा पडण्याचा विचार येतो, तर सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पक्षाघात आणि अर्दित यांची लक्षणे सांगितली आहेत. ग्रीक परंपरेतही तीव्र झटका असाध्य आणि सौम्य झटका कष्टसाध्य मानला गेला. या दोन्ही परंपरांचे लक्ष प्रामुख्याने झटक्यावर आणि लुळ्या अवयवांवर होते. झटक्यानंतर आठ-दहा दिवसांनी चढणारा ताप आणि वाढणारा श्वास हा त्याच आजाराचा पुढचा टप्पा आहे, असा स्वतंत्र विचार दिसत नाही.

१६५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यांनी शवविच्छेदनाच्या आधारे झटक्याचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिर्शो यांनी रक्ताच्या गुठळ्या कशा बनतात व वाहत जाऊन रक्तवाहिनी कशा बंद करतात, हे दाखविले. आता पक्षाघाताचे स्थान मेंदूत निश्चित झाले. फुप्फुसाच्या बाजूने १८८१ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पुढे न्यूमोनियाचे प्रमुख कारण ठरलेल्या जंतूचे वर्णन केले. येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. स्वतः पाश्चर यांना १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला होता आणि त्यांची डावी बाजू अधू झाली होती. त्यानंतर ते सत्तावीस वर्षे जगले. रेबीजवरील लस त्याच काळातील आहे.

महाराष्ट्रातील याच स्वरूपाचे ठळक उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. मे १८८८ मध्ये मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली. पुण्यातील नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक चळवळीतील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. उजवा हात चालेना तेव्हा जोतीरावांनी डाव्या हाताने लेखन केले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १८९१ मध्ये प्रकाशित झाला.

वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने हा काळ विचारात घेण्याजोगा आहे. १८८८ मध्ये मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध नव्हते, रक्तदाब मोजण्याची घरगुती सोय नव्हती, प्रतिजैविके तर चार-पाच दशके दूर होती. अशा काळात मोठ्या झटक्यानंतर रुग्ण सव्वादोन वर्षे जगणे हे दोन गोष्टींवर अवलंबून असे : इजेची मर्यादा आणि घरातील शुश्रूषा. रुग्णाला कुशीवर वळविणे, उठवून बसविणे, सावकाश भरविणे, तोंड स्वच्छ ठेवणे ही कामे घरातील माणसे, बहुतेक ठिकाणी स्त्रिया, करीत. त्यांची नोंद रोगचिकित्सेच्या ग्रंथांत क्वचितच झाली.

या शतकाच्या अखेरीस सर विल्यम ऑस्लर यांनी न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटले. दीर्घ आजाराने पिचलेल्या वृद्धाला तो तुलनेने लवकर सोडवितो, असा त्याचा आशय होता. या विधानात करुणा असली तरी हतबलताही आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला न्यूमोनिया होणे हे जवळजवळ अटळ प्राक्तन समजले जात होते, याची ती साक्ष आहे.

पिंपरी आणि पेनिसिलिनचे युग

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा गुण ओळखला आणि १९४० च्या सुमारास फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषधरूपात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र भारताला हे औषध आयातीवर अवलंबून न राहता हवे होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे कारखाना उभारण्याचे ठरले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे तेथील संशोधन विभागातून हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक निघाले. त्याच्या नावातच कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ ज्या मोजक्या प्रकल्पांपासून होतो, त्यांत या कारखान्याचे स्थान वरचे आहे. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत वाढली आणि ‘एच. ए.’ हे नाव परिसराच्या बोलीत रुळले. १९९० च्या दशकात कारखाना आर्थिक अडचणीत आला, तरी त्याचे ऐतिहासिक महत्त्व कमी होत नाही.

पेनिसिलिनमुळे न्यूमोनियाचे स्वरूप बदलले. तरुण, धडधाकट माणसाला होणारा फुप्फुसाचा संसर्ग बरा होऊ लागला. साहजिकच एक विश्वास निर्माण झाला की, जंतू मारला म्हणजे आजार संपला. पक्षाघाताच्या रुग्णाबाबत हा विश्वास अपुरा पडला. औषध मिळूनही असे रुग्ण दगावत राहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ८७ अभ्यासांतील सुमारे १ लाख ३८ हजार रुग्णांची माहिती तपासण्यात आली. त्यानुसार पक्षाघातानंतर जवळपास ३० टक्के रुग्णांना कोणता ना कोणता जंतुसंसर्ग होतो आणि सुमारे १० टक्क्यांना न्यूमोनिया होतो. न्यूमोनिया झालेल्यांत मृत्यूची शक्यता लक्षणीयरीत्या अधिक आढळली. प्रतिजैविकांचा शोध लागून सत्तर वर्षे उलटल्यानंतरचे हे चित्र आहे.

गिळण्याचा दोष : पहिले स्पष्टीकरण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याचे एक स्पष्टीकरण दृढ झाले. घास किंवा घोट गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर बंद होते. हा समन्वय मेंदू सांभाळतो. पक्षाघातात तो बिघडला की अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा खोकलाही दुबळा झालेला असतो. काही वेळा ठसका लागतच नाही आणि पाणी निमूटपणे फुप्फुसात जाते. त्याबरोबर तोंडातील जंतूही जातात. १९९२ मध्ये ठरावीक प्रमाणात पाणी पाजून, ठसका लागतो का आणि आवाज घोगरा होतो का, हे पाहण्याची साधी चाचणी मांडली गेली. पुढे तिचे अनेक प्रकार रूढ झाले.

या स्पष्टीकरणाने बरेच उलगडले, परंतु सर्व उलगडले नाही. गिळण्याचा दोष असलेल्या प्रत्येकाला न्यूमोनिया होत नाही. निरोगी माणसेही झोपेत थोडीफार लाळ श्वासनलिकेत घेतात आणि त्यांना काही होत नाही. मग पक्षाघाताच्या रुग्णालाच तीच लाळ का बाधते? शिवाय हा संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यातच का गाठतो? केवळ अंथरुणाला खिळणे हे कारण असते, तर धोका दिवसागणिक वाढत जायला हवा होता.

रोगप्रतिकारशक्तीचा ऱ्हास : दुसरे स्पष्टीकरण

मेंदू आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध असल्याची चाहूल जुनी होती. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी तीव्र ताणाखालील उंदरांत थायमस ग्रंथी आक्रसत असल्याचे नोंदविले. त्यानंतरच्या दशकांत प्लीहा व लसिकाग्रंथींपर्यंत चेतातंतू पोहोचतात, हेही दाखविले गेले. मात्र पक्षाघाताच्या संदर्भात या धाग्यांची गाठ बर्लिन येथील संशोधकांच्या गटाने २००३ मध्ये बांधली.

त्यांनी उंदरांच्या मेंदूतील एक रक्तवाहिनी तासभर बंद करून पक्षाघात घडविला. या उंदरांच्या रक्तातील लसिकापेशींची संख्या काही तासांतच घसरली, प्लीहा व थायमस आक्रसले आणि पुढील काही दिवसांत, बाहेरून कोणताही जंतू न टोचता, त्यांना फुप्फुसाचा संसर्ग झाला. ज्या उंदरांना अनुकंपी चेतासंस्थेचा जोर रोखणारे प्रोप्रानोलॉल हे औषध दिले, त्यांच्यात संसर्ग व मृत्यू दोन्ही घटले. यावरून निष्कर्ष निघाला की, इजा झालेला मेंदू अनुकंपी चेतासंस्था आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्या द्वारे शरीराच्या संरक्षक पेशींना जणू माघारीचा आदेश देतो. रुग्णांमध्येही लसिकापेशी घटणे व संरक्षक पेशींची सज्जता मंदावणे आढळले. झटका जेवढा मोठा, तेवढी ही घट अधिक.

शरीर असे आत्मघातकी का वागते, यावर एक तर्क मांडला जातो. मेंदूची इजा झाल्यावर एरवी रक्तापासून वेगळे राखलेले मेंदूतील घटक उघडे पडतात. संरक्षक पेशींनी त्यांनाच शत्रू मानून हल्ला केला, तर उरलेला मेंदूही धोक्यात येईल. तो टाळण्यासाठी शरीर पहारा सैल करते. घर वाचविण्यासाठी पहारेकरी आत घ्यावेत आणि वेस उघडी राहावी, तसा हा प्रकार होय. वेशीतून आत येणारे जंतू बाहेरचेच असतील असे नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले की, पक्षाघातानंतर आतड्यातील जंतूही आतड्याची भिंत ओलांडून शरीरात पसरू शकतात.

अशा रीतीने दोन स्पष्टीकरणे एकमेकांना पूरक ठरली. गिळण्याचा दोष जंतूंना वाट देतो. खालावलेली प्रतिकारशक्ती त्यांना अडवीत नाही. जी लाळ निरोगी माणसाला बाधत नाही ती या रुग्णाला का बाधते आणि तीही पहिल्या आठवड्यातच का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यात मिळाले.

प्रतिबंधक प्रतिजैविकांची कसोटी

या आकलनातून एक सरळ उपाय सुचतो. प्रतिकारशक्ती काही दिवस खालावणार हे माहीत असेल, तर त्या दिवसांत सर्व रुग्णांना आधीच प्रतिजैविक का देऊ नये? २०१५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील चाचणीत २५५० रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवस सेफ्ट्रिॲक्सोन देण्यात आले. मूत्रमार्गाचे संसर्ग घटले. न्यूमोनिया मात्र घटला नाही आणि तीन महिन्यांनंतरची रुग्णांची स्थितीही सुधारली नाही. ब्रिटनमधील चाचणीत गिळण्याचा दोष असलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांचा समावेश होता. तेथेही सात दिवसांच्या प्रतिजैविकाने न्यूमोनिया टळला नाही.

पेनिसिलिनच्या युगातील विश्वासाची मर्यादा येथे स्पष्ट होते. न्यूमोनिया झाल्यावर प्रतिजैविक अनिवार्य आहे आणि ते वेळेत मिळालेच पाहिजे. परंतु न होण्यासाठी ते सरसकट देणे निष्फळ आहे. औषधांना दाद न देणारे जंतू वाढविण्याचा धोका तर वेगळाच. प्रोप्रानोलॉलसारखी औषधे उंदरांत उपयोगी ठरली, तरी माणसांत त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही.

याउलट शुश्रूषेच्या साध्या उपायांना पुरावा मिळाला. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात वृद्धांच्या न्यूमोनियाचे भाकीत करणाऱ्या घटकांत ‘दुसऱ्याच्या हाताने भरवावे लागणे’ आणि ‘दुसऱ्याने तोंड स्वच्छ करावे लागणे’ हे घटक ठळक ठरले. १९९९ मध्ये जपानमधील ११ वृद्धाश्रमांतील अभ्यासात दोन वर्षांच्या काळात नियमित मुखस्वच्छता न झालेल्यांत १९ टक्क्यांना, तर झालेल्यांत ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात विभागांत परिचारिकांनी ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तीनच गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या. तीन महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्के आढळले. नवे औषध न वापरता मिळालेला हा लाभ आहे.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात या प्रश्नाची व्याप्ती दोन अभ्यासांतून कळते. डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या वर्षांत मुंबईतील सुमारे १ लाख ५७ हजार रहिवाशांचे सर्वेक्षण केले. पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्यांचे वार्षिक प्रमाण लाखात १४५ आढळले आणि त्यांतील २९.८ टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. दुसरा अभ्यास गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ८६ गावांतील १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते; मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण ठरले. यांपैकी ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले आणि ४६.३ टक्के मृत्यू लक्षणे दिसल्यापासून पहिल्या महिन्यात झाले.

या आकड्यांत मेंदूच्या इजेने थेट झालेले मृत्यूही आहेत, हे खरे. तथापि पहिला महिना हाच फुप्फुससंसर्गाच्या धोक्याचाही काळ आहे, आणि गडचिरोलीत तो महिना बहुतांश घरीच काढला गेला. तेव्हा संरक्षणाची पहिली फळी रुग्णालयात नव्हे, घरात आहे.

रहाटणीसारख्या उपनगराची परिस्थिती गडचिरोलीहून वेगळी आहे. नदीपलीकडे संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही जवळ आहेत. परंतु रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे आणि घरी परतल्यानंतरचे आठवडे कुटुंबाच्याच हाती असतात. आपल्या समाजात कोणी कोसळले की पहिली हाक पाण्याची असते. चक्कर आलेल्या माणसाला घोटभर पाणी पाजणे ही सहज माणुसकी आहे. अंतसमयी तोंडात गंगाजल घालणे हा संस्कार आहे. पक्षाघाताच्या रुग्णाबाबत मात्र हाच घोट घातक ठरू शकतो, कारण त्या क्षणी गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि शरीराचा पहाराही सैल होत असतो. तोंड वाकडे झालेल्या, बोबडे बोलणाऱ्या, हात लुळा पडलेल्या माणसाला पाणी, चहा किंवा गोळी न देता कुशीवर ठेवून तत्काळ रुग्णालयात नेणे आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही न देणे, एवढी एक गोष्ट सर्वांना ठाऊक झाली तरी पुष्कळ साधेल.

घरी परतलेल्या रुग्णाबाबतही हेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रकारचे अन्न ताठ बसवून, लहान घासांनी भरविणे, जेवणानंतर काही वेळ आडवे न करणे, दिवसातून दोन-तीन वेळा दात व जीभ स्वच्छ करणे, कूस बदलणे, आणि ताप, धाप किंवा वाढलेली सुस्ती दिसताच डॉक्टरांना दाखविणे ही कामे खर्चिक नाहीत. त्यांना वेळ लागतो आणि माणूस लागतो. दोघेही नोकरीला जाणाऱ्या औद्योगिक वस्तीतील कुटुंबात नेमकी याचीच टंचाई असते. ही कामे पूर्वी घरातील स्त्रियांवर न मोजता सोपविलेली होती. आज ती पगारी मदतनिसांकडे, पुष्कळदा प्रशिक्षणाविना, गेली आहेत. फुप्फुससंसर्गाचा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहत नाही. शुश्रूषेच्या श्रमाला समाज किती मोल देतो, याचाही तो प्रश्न आहे.

निष्कर्ष

१) पक्षाघातानंतरचा न्यूमोनिया हा दुर्दैवी योगायोग नसून मेंदूच्या इजेचाच परिणाम आहे. बिघडलेले गिळणे आणि खालावलेली प्रतिकारशक्ती ही त्याची दोन अंगे होत.
२) प्रतिजैविकांनी, आणि भारतात पिंपरीच्या कारखान्याने, या आजारावर उपचार शक्य केला. प्रतिबंधासाठी मात्र प्रतिजैविके सरसकट देणे २०१५ च्या चाचण्यांनंतर समर्थनीय राहिलेले नाही.
३) प्रतिबंधाचे उपाय हे गिळण्याची तपासणी, मुखस्वच्छता आणि बसवून भरविणे या शुश्रूषेच्या कृतींत आहेत.
४) महाराष्ट्रातील आकडेवारी पाहता हे ज्ञान रुग्णालयाबाहेर, घरापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, परिचर्या अभ्यासक्रम आणि महापालिकेचे दवाखाने हे त्यासाठी उपलब्ध असलेले मार्ग आहेत.

वैद्यकाचा इतिहास सामान्यतः शोधांचा आणि औषधांचा म्हणून लिहिला जातो. जोतीरावांच्या आजारपणापासून आजच्या रहाटणीपर्यंतची ही वाटचाल पाहता, रुग्णाच्या उशाशी बसून चमच्याने भरविणाऱ्या हाताची नोंदही त्या इतिहासात झाली पाहिजे.